स्टेनलेसमध्ये साधा बोल्ट

मामा आणि मी एकाच बसने कामाला जायचो. कर्जतच्या चार फाट्यावर कंपनीची बस सकाळी उभी असायची. मी गावातून स्कूटरवर यायची आणि स्कूटर ओळखीच्या दुकानाच्या पडवीत लावायची. मामांचा दिवस माझ्या कितीतरी आधी सुरू झालेला असायचा. कोंडाण्याच्या वर डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथे रस्ता जात नाही. तिथून पायवाटेने खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि कोंडाण्यातून मिळेल त्या रिक्षाने कर्जत गाठायचं. पावसाळ्यात बसमध्ये चढताना त्यांच्या घोट्यापर्यंत चिखल असायचा. ड्रायव्हर काही बोलायचा नाही, पण मामा आधी पायरीवर उभे राहून तळवे घासून घ्यायचे आणि मगच आत यायचे.

रसायनीच्या ज्या कारखान्यात आम्ही होतो, तिथले ते जुने फिटर. सगळे मामा म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले. मी देखभाल विभागात इंजिनिअर. आमच्या घरात आजोबा शिक्षक, वडील शिक्षक. मुलगी हेल्मेट घालून टाक्यांवर चढते हे आईला शेजारणींना सांगताना अवघड जायचं. ती नुसतं ‘कंपनीत आहे’ म्हणायची. माझ्याकडे गंजाचं काम होतं. कुठला पाइप आतून झिजलाय, कुठल्या टाकीचा तळ पातळ झालाय, हे शोधायचं आणि तो भाग फुटायच्या आत बदलून घ्यायचा. आपल्याकडे जूनपासून सगळं ओलंच असतं, त्यात कारखान्यातल्या आम्लाच्या वाफा. आमच्याकडचं लोखंड कधी निवांत नसायचं.

आमच्या प्लांटच्या मागच्या बाजूला एक उंच मनोरा होता. विषारी वाफा त्यात पाण्याने धुऊन मग बाहेर सोडायच्या. आम्ही त्याला स्क्रबर म्हणायचो. त्याच्याभोवती वरच्या अंगाला फिरायला एक जाळीचा सज्जा होता आणि सज्जाला कठडा. साधं लोखंड तिथे टिकत नाही, म्हणून सज्जा, कठडा सगळं स्टेनलेसचं केलेलं. लांबून बघितलं तर चकचकीत, कालच बसवल्यासारखं.

एकदा पावसाळ्याच्या तोंडी मी हातोडी घेऊन तिथे गेले. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा ही माझी सवय. कठड्याच्या एका खांबाच्या पायाशी ठोकलं तर बोल्टचं डोकं टुणकन उडून खाली गेलं. उरलेला दांडा मी पक्कडीने ओढून काढला. भोकाच्या आत तो उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता, मधोमध काडीएवढा. वरून डोकं धड होतं, त्याला रंगही होता. स्टेनलेसच्या कठड्याला कोणीतरी साधे लोखंडी बोल्ट लावले होते.

डब्याच्या वेळी मी तो दांडा मामांसमोर ठेवला. त्यांनी उचलून बघितला आणि परत ठेवला. चेहरा जरा उतरला, पण तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

‘‘यवढा कसा खाल्ला गंजानं?’’ ते म्हणाले. ‘‘बाकी सगळं तर नवं कोरं हाय.’’

‘‘बाकी सगळं स्टेनलेस आहे म्हणूनच हा खाल्ला गेला, मामा.’’

‘‘आसं कसं? ते बी लोकंड, ह्ये बी लोकंड.’’

‘‘लोखंडच, पण जात वेगळी,’’ मी बोलून गेले आणि जीभ चावली. मामा हसले.

‘‘म्हंजे हितं बी जात आलीच का ताई?’’

मग मी त्यांना सांगितलं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि वर ओल असली, की त्यांच्यात बॅटरीसारखा बारीक करंट सुरू होतो. त्यातला एक धातू विरघळत जातो, दुसरा तसाच्या तसा राहतो. विरघळणारा लहान आणि टिकणारा मोठा असेल, तर मग लहानाचं काही खरं नाही. एवढ्या मोठ्या कठड्यापुढे बोल्ट म्हणजे काय? मामांना ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून मी मीठ घातलेल्या पाण्याचे दोन ग्लास माझ्या टेबलावर ठेवले. एकात नुसता खिळा, दुसऱ्यात स्टीलच्या चमच्याला तारेने बांधलेला खिळा. काही दिवसांनी चमच्याच्या ग्लासातलं पाणी तांबूस गढूळ झालं आणि दुसऱ्यातलं कमी. मामा येता-जाता दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरायचे.

‘‘मंग बोल्टाला चांगला जाड रंग लावून टाकू,’’ एकदा ते म्हणाले.

‘‘उलटं आहे. रंग लावायचा तर स्टेनलेसला लावायचा. बोल्टच्या रंगाला एक ओरखडा पडला, की सगळा मारा तेवढ्याच जागेवर होतो.’’

‘‘चांगल्याला रंग न् खराबाला नाय?’’ त्यांनी मान हलवली. ‘‘लोकं आपल्याला येडं म्हनतील.’’

खरं तर उपाय साधेच होते. कठडा ज्याचा, बोल्टही त्याचाच हवा. तसं जमलंच नाही, तर दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकची नळी आणि चकती घालायची, म्हणजे धातूला धातू लागत नाही. आणि सांधा असा बुजवायचा की पाणी आत बसणार नाही. मी सगळ्या सज्जाची पाहणी केली, खराब बोल्टांभोवती लाल रंगाने गोल केले आणि स्टेनलेसचे बोल्ट मागवले. पण ते बसवायला परांची बांधावी लागणार होती आणि स्क्रबर चालू असताना त्या वाफांत माणसं तासन्‌तास उभी करता येत नव्हती. प्लांटचे साहेब म्हणाले, दुरुस्तीसाठी प्लांट थांबवतात त्या पुढच्या बंदमध्ये करू, बंद जवळच आलाय. तोवर सज्जाच्या तोंडाशी दोर बांधला, पाटी लावली. साहेब टाळत होते असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला तो बेत ठीक वाटला होता.

बंद सुरू व्हायच्या आधीच मामा पडले.

त्या दिवशी दुपारी स्क्रबरच्या पंख्याचा पट्टा घसरायला लागला होता. वाफ नीट ओढली जात नव्हती आणि वाऱ्याने वास कुंपणापलीकडच्या वस्तीकडे जात होता. वस्तीतली माणसं फाटकाशी येऊन ओरडत होती. पंख्यापर्यंत जायला सज्जावरूनच वाट. मामा दोराखालून वाकून आत गेले. नेहमीच्या सवयीने त्यांनी एका हाताने कठडा धरला आणि पट्ट्याकडे बघायला अंग बाहेर टाकलं. खांब पायातून सुटला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला बॉयलरपाशी होते. आवाज ऐकू आला तो कठडा खाली आपटल्याचा. मी धावत गेले तेव्हा मामा पाइपांच्या काँक्रीटच्या ओट्यावर आडवे होते, डोळे उघडे, आणि एक पाय भलत्याच दिशेला.

‘‘पट्टा सुटलाय,’’ ते मला म्हणाले. ‘‘पंखा बंद करा आदी.’’

खुब्याचं हाड मोडलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. मामा शुद्धीवर आल्यावर एके सकाळी मी त्यांच्यापाशी बसले असताना प्लांटचे साहेब आले. त्यांनी चौकशी केली, फळं ठेवली आणि म्हणाले, ‘‘ते बोल्ट कधी, कोणी लावले, काही आठवतं का मामा? इतकी वर्षं झाली, कोणाला सांगताच येत नाही.’’

मामा छताकडे बघत राहिले.

‘‘मीच लावले व्हते,’’ ते म्हणाले. ‘‘जुना कठडा हालत व्हता. पाऊस धो धो. ष्टोरात गेलो तर ह्येच बोल्ट व्हते. लावलं. ताईनी तो दांडा दाखवला तवाच वळकला मी.’’

साहेब माझ्याकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, ‘‘म्हणजे चूक त्यांचीच.’’

‘‘स्टोरमध्ये दुसरे बोल्ट नव्हते,’’ मी म्हणाले. ‘‘आणि असे लावायचे नसतात हे त्यांना तेव्हा कोणी सांगितलं होतं?’’

‘‘मी दोष देत नाही. फक्त म्हणतोय.’’

मी परत आत गेले. मामांना आमचं बोलणं ऐकू गेलं होतं.

‘‘भांडू नका ताई. मीच लावलं, मीच पडलो. फिट्टंफाट झाली.’’ आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कितीतरी वेळ त्यांचा खांदा हलत होता.

अपघातानंतर सगळ्या कारखान्याला जाग आली. बंद वाढवला. स्क्रबरचेच काय, ज्या ज्या ठिकाणी दोन धातू एकत्र येत होते ते सगळे सांधे आम्ही उघडले. तांब्याच्या नळीला लोखंडी जोड, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचे स्क्रू, पितळेचा व्हॉल्व्ह थेट लोखंडी पाइपात. कुठे बोल्ट बदलले, कुठे मध्ये नळ्या-चकत्या घातल्या, कुठे रंग काढून योग्य त्या बाजूला लावला. कामगार भराभर करत होते, कोणी कुरकुरलं नाही. काम चांगलं झालं. मी वर उभी राहून बघायची आणि मला एकाही सांध्याचं समाधान वाटायचं नाही.

मामा काठीवर चालायला लागले, पण पाय आखूड झाला होता. सपाटीवर जेमतेम, चढ तर शक्यच नाही. वाडीवर जाणारी वाट दगडांची, मध्ये ओढा. म्हणून ते खाली कुंभिवलीला मुलीकडे राहायला गेले. तिच्या नवऱ्याचं हायवेला टायर पंक्चरचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. मामी वाडीवरच राहिली. वरीचं आणि नाचणीचं शेत होतं, शेळ्या होत्या, ते सोडून ती कुठे येणार? आठवड्याच्या बाजाराला ती खाली उतरायची, करवंदं, आळू, रानभाजी असेल ते घेऊन, आणि ते विकून झालं की कुंभिवलीला यायची. रात्रीची कधी राहायची नाही.

‘‘ट्रका रातभर वरडत्यात,’’ मामी मला एकदा म्हणाली. ‘‘यांना झोप तरी कशी लागते कुनास ठावं.’’

‘‘लागत नाय,’’ मामा म्हणाले.

कंपनीने त्यांना स्टोरच्या खिडकीत बसवलं. फिटर यायचे, माल मागायचे, मामा द्यायचे. बोल्ट कशाला पाहिजे हे विचारल्याशिवाय ते देत नसत. एखादा तरुण फिटर वैतागायचा. ‘‘मामा, द्या ना पटकन, वर लोक खोळंबलेत.’’ मामा स्टेनलेसचे शोधायला लागायचे आणि काठी टेकत टेकत आतल्या मांडणीपर्यंत जायचे. तेवढ्यात फिटरच आत शिरून घेऊन जायचा. मामांना ते काम आवडत नव्हतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, पण त्यांच्या खिडकीतून फक्त गोदामाची भिंत दिसायची आणि ते दिवसभर त्या भिंतीकडे बघत असायचे. आम्ही आता वेगवेगळ्या बसने यायचो. ते खालापूरकडच्या, मी कर्जतच्या. डब्याला मात्र मी स्टोरमध्येच जायची. बोलणं कमी झालं होतं. ‘‘वर पाऊस झाला का?’’ ते विचारायचे, कारण मी कर्जतहून यायची आणि डोंगर माझ्या बाजूला होता.

त्यानंतरच्या श्रावणात मामीला ताप भरला. आधी अंगावर काढला. मग तिला भान राहीना, तेव्हा वाडीतल्या माणसांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि तिला खाली आणायला निघाले. एकाने कड्यावर जाऊन रेंज मिळवून मुलीला फोन केला. मुलीने मला केला. मी कंपनीची रुग्णवाहिका मागून घेतली, स्टोरमधून मामांना आणि वाटेत मुलीला घेतलं आणि आम्ही कोंडाण्याच्या पुढे गाडी जाते तिथपर्यंत जाऊन उभे राहिलो.

पाऊस थांबत नव्हता. थोडं पुढे ओढा होता आणि तो दोन्ही थड्या भरून वाहत होता, पाणी मातकट, मधून झाडाच्या फांद्या वाहत जात होत्या. आम्ही अलीकडे. बऱ्याच वेळाने पलीकडच्या झाडीतून झोळी आली. माणसांनी ती एका खडकाच्या आडोशाला टेकवली आणि वरून प्लॅस्टिकचा कागद धरला. एकाने पाण्यात पाय घालून बघितला आणि लगेच मागे सरकला.

‘‘कशी हाय?’’ मामा ओरडले.

पलीकडून कोणीतरी हात हलवला. आवाज पाण्यात ऐकू येत नव्हता.

‘‘दोर टाका रं! दोर हाय का कुनाकडं?’’ मामा काठी टाकून पुढे व्हायला लागले, मुलीने त्यांना मागून धरलं. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने गाडीतला दोर आणला. तो फेकायचा प्रयत्न आम्ही करत राहिलो. तो ओला होऊन जड झाला होता आणि दरवेळी पाण्यातच पडत होता. मग पलीकडची माणसं झोळीभोवती गोळा झाली. झोळीपाशी वाकलेला एक म्हातारा सरळ झाला आणि त्याने डोक्यावरचं फडकं काढलं.

मुलगी चिखलात खाली बसली. मामा तसेच उभे होते, पावसात, ओढ्याकडे बघत. ‘‘यवढंच तर व्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘यवढंच व्हतं, बघा.’’

पाणी ओसरलं तेव्हा दुपार कलली होती. मामीला दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिची झोळी उलट फिरली, वाडीकडे. पण मामांना न्यायचं कसं? वाडीतल्या पोरांनी आणखी एक बांबू तोडला आणि रुग्णवाहिकेतली चादर मागितली. मामा आधी नको म्हणाले. मग निमूटपणे त्या झोळीत बसले. पुढे मामीची झोळी, मागे मामांची, आणि मागून मुलगी आणि मी. वाट इतकी निसरडी की पोरं दगड बघून बघून पाय टाकत होती. एका वळणावर पुढचा घसरला आणि झोळी खडकाला आपटली. मामांनी बांबू घट्ट धरला. वाडी येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

चिता पेटेना. लाकडं घरांच्या माळ्यावरून काढून आणलेली, तरी ओल होती. वर पत्रे धरावे लागले. मामांना एका दगडावर बसवलं होतं. अग्नी दिल्यावर ते बराच वेळ धुराकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं.

‘‘ताई, अंधार पडायच्या आत तुमी उतरा. पोरं सोडतील तुमाला.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी आता खाली येत नाय.’’

‘‘मामा, इथे तुमचं कोण बघणार? दवाखाना लागला तर? तुमची नोकरी आहे.’’

‘‘नोकरी ठिवा म्हनावं.’’ त्यांचा आवाज अगदी साधा होता. ‘‘खाली जाऊन मी काय केलं सांगा. ती हितं यकलीच ऱ्हायली. तिचं शेत तरी बघतो बसून. पाखरं हाकलायला काय पाय लागत न्हाईत.’’

मुलगी रडून समजावत होती. ते ऐकले नाहीत. मी उतरले तेव्हा खाली खोऱ्यात ढग भरले होते आणि गाव दिसत नव्हतं.

स्टोरच्या खिडकीत दुसरा माणूस आला. तो चलाख होता, मागितलं की लगेच द्यायचा. म्हणून मी सांधे तपासत जास्त फिरायला लागले. दिवाळीनंतर वाट कोरडी झाल्यावर मी एकदा वाडीवर गेले. मामा अंगणात बाजेवर बसले होते, समोर नाचणीची कणसं वाळत घातलेली. बारीक झाले होते. त्यांनी मला चहा करायला लावला, कारण त्यांना चुलीपाशी बसून उठता येत नव्हतं. कारखान्याबद्दल त्यांनी एकही गोष्ट विचारली नाही. मीच सांगायला लागले, तर म्हणाले, ‘‘आसू दे ताई. तिकडचं तिकडं.’’ आम्ही चहा प्यायलो. खालच्या घरातलं कोणीतरी त्यांना भाकर आणून द्यायचं. ऊन कलल्यावर मी निघाले.

पुढच्या पावसाळ्यात मला बसमध्ये कळलं. कोंडाण्याचा एक कंत्राटी कामगार नव्याने लागला होता, तो माझ्या मागच्या सीटवर बसला होता. शेजाऱ्याला सांगत होता, ‘‘वरच्या वाडीचा लंगडा म्हातारा गेला की रं परवा. तुमच्याच कंपनीत व्हता म्हनं.’’

मी वळून विचारलं, कशाने गेला. त्याला नीट माहीत नव्हतं. तापच असेल, म्हणाला. ओढा भरलेला होता, म्हणून खाली कोणी आणलंच नाही. आणि झोळीत बसायला म्हाताराही तयार नव्हता म्हणे.

मी पुढे बघून बसले. बस चौक गावाच्या फाट्याला वळली, काही माणसं चढली, काही उतरली. कारखान्यात गेल्यावर मी हेल्मेट घातलं. त्या दिवशी पाण्याच्या लाइनींची जाडी मोजायची होती. संध्याकाळपर्यंत मी ती मोजत होते. सोबतच्या माणसाने दोन-तीनदा विचारलं, मॅडम, बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे, तू पुढचा आकडा सांग.